जुन्या अ‍ॅम्पच्या पोटात मूळ किती, बदललेलं किती?

ज्यांच्या घरात कधीकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना एक गोष्ट हमखास आठवते. बटण फिरवल्याबरोबर आवाज यायचा नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्यांमध्ये तांबूस उजेड दिसायचा, मग बारीकशी घरघर आणि मग कुठे बातम्या सुरू व्हायच्या. ट्रान्झिस्टर आला आणि हे रेडिओ माळ्यावर गेले. पण एका दुनियेत व्हॉल्व्हचं राज्य अजून संपलेलं नाही आणि ती दुनिया म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. साठ वर्षांपूर्वीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी आजची मुलं जीव टाकतात आणि त्याची किंमत बघता बघता लाखांच्या घरात जाते.

तुमच्या घरात एखादा गिटारवाला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा हट्ट आज ना उद्या तुमच्यापर्यंत पोहोचणारच. कुणाचा तरी मावसभाऊ अमेरिकेहून परतताना सामानात असा अ‍ॅम्प घेऊन येतो, कुणाला जुन्या बँडवाल्याकडून मिळतो, तर कुणी तो ऑनलाइन बघून ठेवलेला असतो. विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘ऑल ओरिजिनल, एकही स्क्रू बदललेला नाही.’ ऐकायला छान वाटतं. खरं तर हेच वाक्य ऐकून सावध व्हायला हवं. साठ वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये खरोखरच काहीही बदललेलं नसेल, तर तो वाजवण्याच्या लायकीचा नाही आणि कदाचित हात लावण्याच्याही लायकीचा नाही.

जुनी हार्मोनियम घेताना आपण काय करतो ते आठवा. भाता नवा घातलाय म्हणून कुणी नाक मुरडत नाही. चामडं आणि कापड झिजणारच. पण मूळ जर्मन किंवा पॅरिसचे स्वर काढून तिथे दुसरेच बसवले असतील, तर जाणकार माणूस लगेच किंमत खाली आणतो. अ‍ॅम्पचंही तसंच आहे. काही भाग झिजण्यासाठीच असतात, तर काही भागांत त्याचा आवाज आणि त्याची किंमत असते. कुठला भाग कुठल्या गटातला, एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

उदाहरणासाठी एकच अ‍ॅम्प घेऊ. फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’, सुमारे १९६५ सालचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांचं आधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण बिघडलेलं यंत्र उघडून दुरुस्त करणाऱ्याला काय सोयीचं पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांचे अ‍ॅम्प आतून इतके मोकळे आणि सुटसुटीत असतात की साठ वर्षांनीही त्यांचा इतिहास वाचता येतो. १९६५च्या जानेवारीत ही कंपनी सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याआधीचे अ‍ॅम्प संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. प्रत्यक्षात पुढची दोन वर्षं हा अ‍ॅम्प जवळपास तसाच बनत राहिला. हल्ली याच नावाची आणि अगदी याच रूपाची नवी आवृत्तीही मिळते. तिच्या आत मात्र छापील सर्किटचा बोर्ड असतो, त्यामुळे नुसत्या चेहऱ्यावर भुलू नका.

हात लावण्याआधी

इथे थोडं थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. या अ‍ॅम्पच्या आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो. प्लग काढला, व्हॉल्व्ह थंड झाले, तरीही तो दाब आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून चासी पेटीतून बाहेर काढणं, आत मीटर लावणं, कंडेन्सर रिकामे करणं ही कामं फक्त जाणकार कारागिराची. व्हॉल्व्हचे रेडिओ आणि जुने सिनेमाचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेली मंडळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत विचारपूस केल्यावर अजून सापडतात. त्यांना गिटारचं काही कळत नसलं तरी चालेल, जास्त दाबाचं भान असलं की पुरे.

तुम्ही स्वतः बघू शकता ते बाहेरून आणि प्लग काढून. तेही थोडंथोडकं नसतं.

पेटीच्या मागे काय दिसतं

अ‍ॅम्प पाठीमागून बघा. चासी वरच्या बाजूला उलटी टांगलेली असते आणि तिच्यातून व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर खाली लोंबत असतात. आतल्या लाकडी बाजूला एक कागद चिकटवलेला असतो. कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह बसवायचा, याचा तो तक्ता. त्यावर रबरी शिक्क्याने दोन इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात. पहिलं अक्षर सालाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९५१, तिथून एकेक साल पुढे मोजत गेलं की ‘ओ’ म्हणजे १९६५. महिन्यांचं तसंच, ‘ए’ म्हणजे जानेवारी आणि ‘सी’ म्हणजे मार्च. तेव्हा ‘ओसी’ असा शिक्का असेल तर अ‍ॅम्प मार्च १९६५ मध्ये तयार झाला.

पण कागद कुणीही चिकटवू शकतो. म्हणून त्याची साक्ष लोखंडाशी ताडून बघायची. अमेरिकेत त्या काळी प्रत्येक उत्पादकाला एक क्रमांक दिलेला असे आणि तो सुट्या भागांवर छापला जाई. शूमाकरच्या ट्रान्सफॉर्मरचा ६०६, जेन्सनच्या स्पीकरचा २२०, ऑक्सफर्डचा ४६५, सीटीएसच्या पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या डबीचा, १३७ आणि स्टॅकपोलच्या पॉटचा ३०४. या क्रमांकापुढचे आकडे साल आणि आठवडा सांगतात. स्पीकरच्या सांगाड्यावर ४६५-५०५ असेल तर ऑक्सफर्डचा स्पीकर, साल पाचवं, आठवडा पाचवा. आता हे पाचवं म्हणजे १९५५, १९६५ की १९७५, हे बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. पॉटवर मात्र त्या काळी सालाचे दोन आकडे असत, म्हणून तिथे घोटाळा कमी. १३७-६४४८ म्हणजे १९६४चा ४८वा आठवडा.

आता हे सगळं एकत्र लावून बघा. पॉट नोव्हेंबर १९६४चे, ट्रान्सफॉर्मर जानेवारी १९६५चे, स्पीकर फेब्रुवारीच्या सुरुवातीचा आणि कागदावर मार्चचा शिक्का. हा अ‍ॅम्प खरं बोलतोय. सुटे भाग आधी बनतात, गोदामात थोडे पडून राहतात आणि मग जोडणी होते. चार-सहा महिन्यांचं अंतर अगदी स्वाभाविक आहे. उलट चार ट्रान्सफॉर्मरपैकी तिघांवर १९६५ची तारीख आणि एकावर ६०६-८४३ असेल, तर तो एक नंतर बसवलेला. १९६८ मध्ये जन्मलेला ट्रान्सफॉर्मर १९६५च्या अ‍ॅम्पमध्ये कारखान्यातून येणं शक्यच नाही. पत्रिका जुळवण्यासारखाच हा प्रकार, फक्त इथे ग्रहांऐवजी आठवडे मोजायचे.

‘चार ट्रान्सफॉर्मर’ असं म्हटलं, त्यातला एक खरं तर चोक असतो. बाकी तीन म्हणजे विजेचा, रिव्हर्बचा आणि आउटपुटचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आकाराने लहान, पण मान मोठा. व्हॉल्व्हमधून निघालेला सूर स्पीकरला झेपेल असा करून देणारा तोच. अ‍ॅम्पच्या आवाजाचा पोत बराचसा त्याच्यावर आणि स्पीकरवर अवलंबून असतो. म्हणून किंमत ठरवताना आधी या दोघांची चौकशी करावी.

स्पीकरच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. सांगाड्यावरचा आकडा बरोबर असतो, पण आतला कागदी कोन नवा असतो. जुना फाटला, म्हणून कुणीतरी तो बदलून घेतला. त्यात पाप काहीच नाही, मात्र मूळ स्पीकरचा भाव त्याला देऊ नये. कडेच्या गोंदाचा रंग बघा, कोनाच्या पाठीवर छापलेला क्रमांक आहे का बघा. साठ वर्षांचा कागद विटकरी-करडा पडलेला असतो. सांगाडा गंजलेला आणि कोन मात्र कालच्या वर्तमानपत्रासारखा टवटवीत दिसला, तर विक्रेत्याला सरळ विचारावं.

व्हॉल्व्हबद्दल फार डोकं शिणवू नका. या अ‍ॅम्पमध्ये एकूण नऊ असतात. ६व्ही६ जातीचे दोन, जीझेड३४ एक आणि उरलेले छोटे सहा. ते बल्बसारखेच, वापरले की संपतात. बदललेले असणं हेच नैसर्गिक. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी व्हॉल्व्ह बनवले आणि ते आजही जुन्या साठ्यातून निघतात. फक्त ‘मूळ जुने आरसीए’ किंवा ‘मुलार्ड’ म्हणून कुणी वेगळे जास्त पैसे मागत असेल, तर सांभाळून. काचेवरची अक्षरं पुसून नवी छापणं मुळीच अवघड नाही.

आत उघडल्यावर

आता कारागिराने चासी बाहेर काढली आहे, कंडेन्सर रिकामे केले आहेत आणि तुम्ही खिशात हात घालून शेजारी उभे आहात. (हे खिशातले हात महत्त्वाचे.) आत काळ्या पुठ्ठ्यासारखा मेण पाजलेला एक लांब बोर्ड दिसेल. त्यावर पितळी डोळ्यांत सुटे भाग बसवलेले आणि कापडाच्या वेष्टनाच्या तारा. इथे अक्षरांपेक्षा सोल्डर जास्त बोलकं असतं.

कारखान्यातलं मूळ सोल्डर काळानुसार मंद, राखाडी होतं आणि सगळीकडे त्याची तऱ्हा सारखी असते, कारण दिवसभर तेच काम करणाऱ्या हातांनी ते केलेलं असतं. नंतरच्या जोडणीत सोल्डर चकचकीत, गोळा जास्त, आजूबाजूला तपकिरी राळेचे डाग आणि कापडी वेष्टन थोडंसं करपलेलं दिसतं. घाईत काम केलेलं असेल तर जुन्या भागाचे पाय कापून त्यांच्याच टोकांना नवा भाग जोडलेला असतो. तो मिस्त्री लगेच ओळखू येतो आणि त्याच्या हातची बाकीची कामंही संशयाने बघावीत.

सुट्या भागांच्या रंगावरूनही बरंच कळतं. त्या काळातल्या या अ‍ॅम्पमध्ये सूर पुढे नेणारे कंडेन्सर गर्द निळे, साच्यात ओतल्यासारखे असत. तिथे नारिंगी, चपटे गोळीसारखे कंडेन्सर दिसले तर ते नंतरचे. नारिंगी वाईट असतात असं नाही. पण निळे शाबूत असताना कुणी केवळ ऐकीव गोष्टीवरून ते सगळे उपटून नारिंगी लावले असतील, तर त्या अ‍ॅम्पचं विनाकारण नुकसान झालं, असं माझं मत. हे निळे कंडेन्सर बहुधा आजही ठणठणीत असतात. कारागिराने मीटर लावून त्यांच्यातून एका दिशेचा दाब पलीकडे झिरपत नाही ना, एवढं तपासलं की त्यांना हात लावायचं कारण उरत नाही.

रेझिस्टरचं थोडं वेगळं आहे. ते त्या काळचे कार्बनचे, रंगीत पट्ट्यांचे. तपकिरी, काळा, पिवळा म्हणजे १०० किलोओहम. वय वाढलं की त्यांचा आकडा वर सरकतो. १००च्या जागी १२० किंवा १३० भरतात. माणसाच्या रक्तदाबासारखंच, थोडा वाढलेला चालतो, पण ज्यातून तडतड आणि फसफस ऐकू येते तो बदलावा. सगळे एका दमात बदलायची गरज नसते.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. मुंबई, कोकण, गोवा, केरळ अशा दमट ठिकाणी हा काळा बोर्ड ओलावा धरतो. मग ज्या दोन जागांचा एकमेकींशी संबंध नसावा, त्यांच्यातही थोडी वीज वाहू लागते आणि पावसाळ्यात अ‍ॅम्प कुरकुरतो. भाग एकामागून एक बदलूनही आवाज जात नसेल, तर कारागिराला आधी बोर्ड वाळवून बघायला सांगा. खर्च जवळजवळ शून्य.

जे बदललेलंच हवं

विकणारा जिथे मूळ भाग अभिमानाने दाखवतो आणि आपण मान हलवून नकार द्यायला हवा, अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. या अ‍ॅम्पमध्ये ते चासीबाहेर एका पत्र्याच्या झाकणाखाली असतात, त्या झाकणाला गिटारवाले गमतीने ‘डॉगहाउस’ म्हणतात. १६ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे. त्यांच्या आतला रसायनाचा ओलावा वीस-तीस वर्षांत सुकत जातो. टोकाला फुगवटा, पांढरट खार किंवा चिकट ओघळ दिसला तर ते संपले. असा कंडेन्सर एखाद्या दिवशी शॉर्ट झाला की विजेचा ट्रान्सफॉर्मरही सोबत घेऊन जातो. म्हणजे काही शे रुपयांचा भाग वाचवण्यासाठी मूळ ट्रान्सफॉर्मर गमावला.

दुसरी जागा आकाराने फारच लहान, म्हणून विसरली जाते. ६व्ही६ व्हॉल्व्हना आवरून धरणारा एक उणे दाब असतो, तो सांभाळणारा २५ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा छोटा कंडेन्सर. तो गेला की लगाम सुटतो, व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालबुंद होतो आणि थोड्या वेळात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कधी अंधारात अ‍ॅम्प वाजत असताना व्हॉल्व्हमध्ये नेहमीच्या तांबूस ठिपक्याऐवजी पूर्ण पत्राच लाल दिसला, तर गाणं अर्धवट सोडून बटण बंद करा.

तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची. त्या काळी अमेरिकेत अशा अ‍ॅम्पना दोन तारांचीच वायर येई. अर्थिंग नसे. घरघर कमी व्हावी म्हणून विजेच्या एका तारेपासून चासीपर्यंत एक ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडलेला असे आणि मागे एक ‘ग्राउंड’चं बटण. दुरुस्तीवाल्यांनी या कंडेन्सरला ‘डेथ कॅप’ असं नाव दिलंय आणि ते अतिशयोक्तीचं नाही. तो शॉर्ट झाला तर अख्खी चासी, तिला जोडलेली गिटार आणि गिटारच्या तारा, सगळंच विजेवर येतं. वाजवणाऱ्याचा एक हात तारांवर आणि ओठ माईकला लागले की वीज शरीरातून जाते.

अर्थिंग नीट नसल्याने काय होतं, याची उदाहरणं नोंदलेली आहेत. स्कॉटलंडच्या ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे कार्यक्रमात असताना माईकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेले. ‘यार्डबर्ड्स’चे गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये आपल्या घरीच, अर्थिंग नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना गेले. दोघंही तरुण होते.

म्हणून तीन तारांची वायर, चासीला घट्ट जोडलेलं अर्थिंग आणि तो कंडेन्सर काढून टाकलेला, एवढं नसेल तर अ‍ॅम्प कितीही मूळ असो, आधी हे काम करायचं आणि मग वाजवायचा. हा बदल केलेला असेल तर एक रुपयाही कमी करून मागू नका. उलट आधीच्या मालकाला अक्कल होती, असं समजा.

आपल्या घरातली वीज

अमेरिकेसाठी बनलेला हा अ‍ॅम्प ११७ व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावला तर सगळा शोध तिथेच संपेल. मागच्या पाटीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. परदेशी विक्रीसाठीच्या काही अ‍ॅम्पवर दाब निवडण्याची सोय असते, बाकीच्यांना स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो अ‍ॅम्पच्या गरजेपेक्षा बराच मोठा घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, तिकडची ६०ची, त्यामुळे मूळ ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. आणि बाजारातल्या अनेक स्वस्त स्टेप-डाऊन डब्यांना बाहेर दोनच भोकं असतात. तिथे अर्थिंग तुटतं आणि अ‍ॅम्पला लावलेली तीन तारांची वायर निरुपयोगी होते. तीन पिनी, आत अर्थिंग खरोखर जोडलेला डबा मागून घ्या आणि तो कारागिराकडून तपासून घ्या.

बरीच वर्षं बंद असलेला अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करताना कारागीर सिरीजचा बल्ब लावतो का, ते बघा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. ‘लावून तर बघू’ म्हणत थेट प्लग खुपसणाऱ्याकडून अ‍ॅम्प परत घ्या.

सौदा करताना

मूळ भागांची चौकशी करताना विक्रेत्याला ‘सगळं ओरिजिनल आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी ‘यात काय काय बदललंय?’ असं विचारा. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, उदाहरणार्थ मोठे कंडेन्सर अमुक साली, वायर बदलली, एक ट्रान्सफॉर्मर नंतरचा, स्पीकरचा कोन नवा, त्याच्याशी बोलणी करायला हरकत नाही. मग पॉट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्यावरच्या आकड्यांचे फोटो मागवा. प्रामाणिक माणूस ते एका दिवसात पाठवतो.

घरात आलेल्या अ‍ॅम्पचा कुठलाही भाग बदलला की जुना भाग फेकू नका, मग तो बिघडलेला का असेना. एका पाकिटात घाला, वर तारीख, भागाची जागा आणि बदलणाऱ्याचं नाव लिहा आणि ते पाकीट पेटीच्या तळाशी व्हॉल्व्हपासून लांब चिकटवून ठेवा. बदललेल्या भागाशेजारी चासीवर पेन्सिलीने साल लिहायला कारागिराला सांगा. जुने रेडिओवाले हे न सांगताच करायचे.